एक मिनिट बावन्न सेकंद

चित्रपटाच्या दुसऱ्या भागात, एक्केचाळिसाव्या मिनिटाला, जनरेटरांचा आवाज थांबतो. एक मिनिट बावन्न सेकंदांनी तो पुन्हा सुरू होतो. चित्रण झाले त्या शुक्रवारी नायजेरियातल्या इबादानच्या ओके-आदो भागातल्या गल्लीत तो थांबवायला कोणालाही सांगितलेले नव्हते.

"परत लाव," अकिनपेलू मास्तर म्हणाले.

संकलन करणारी फोलाके उकडलेल्या शेंगा सोलत बसली होती. तिने कोपरानेच कळ दाबली. "सातव्यांदा लावतेय, मास्तर. आता त्या बाईचे अश्रूही संपले असतील."

हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबून मास्तर समोरच्या भिंतीकडे पाहत होते. पडद्यावर एक प्रौढ बाई अंगणातल्या मातीत बसली होती. डोक्याचे फडके सुटून खांद्यावर आले होते, आणि ती मेलेल्या मुलाला हाका मारत होती. दृश्याचा आवाज मास्तरांनी स्वतःच मुद्रित केला होता. त्या वेळी आवाज एकाएकी स्वच्छ झाला तेव्हा आपले यंत्र बिघडले असे समजून त्यांनी हेडफोन काढून तार तपासली होती. तार ठीक होती. मग दिग्दर्शक अल्हाजींनी "कट" म्हटले, मंडळींनी टाळ्या वाजवल्या, गल्लीतली घरघर परत आली आणि सगळे जेवायला उठले.

आता मात्र त्यांना त्या एक मिनिट बावन्न सेकंदांत बाईचा श्वास ऐकू येत होता. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. तिची हाक अंगणाच्या समोरच्या भिंतीवर आपटून किंचित उशिराने परत येत होती, आणि त्या उशिरावरून अंगणाची रुंदी काढता आली असती. अकरा वर्षांत प्रथमच त्यांच्या मुद्रणातल्या एखाद्या जागेला भिंती असल्याचे कानांना कळत होते.

तिमोथी अकिनपेलू यांनी त्याआधी बावीस वर्षे सरकारी शाळेत पदार्थविज्ञान शिकवले होते. शाळेत नादकाटा एकच होता आणि तो ते स्वतःच्या खिशात ठेवत. निवृत्तीनंतर ते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. प्रत्येक दृश्यासाठी त्यांच्याजवळ एक छापील कागद असे: दृश्याचा क्रमांक, मुद्रणाचा क्रमांक, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. अकरा वर्षे त्या रकान्यात बहुतेक एकच शब्द पडत आला होता, 'जनरेटर'. क्वचित 'जनरेटर व कोंबडा'. एकदा 'जनरेटर, कोंबडा, विमान', आणि ते दृश्य चारशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या दरबारातले होते.

या चित्रपटांविषयीचे त्यांचे मत सर्वांना ठाऊक होते. नऊ दिवसांत चित्रपट उभा राहतो आणि नऊ दिवसांत जेवढे दिसायचे तेवढेच त्यात दिसते. चेटक्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा असतो. गावचा धनाढ्य आणि त्याचा हाडवैरी एकाच कोचावर बसतात, कारण कोच एकच आहे. मोटार फाटकातून आत यायला तीन मिनिटे घेते, कारण ती मागून आणलेली असते आणि मालकाला ती पडद्यावर पुरेपूर पाहायची असते. शेवटच्या पाच मिनिटांत दुष्टाला वेड लागते. आणि जे आत्ताच घडले ते कोणाच्या लक्षात आले नसेल म्हणून पाठीमागचे गाणे तेच पुन्हा सांगते, शिवाय पुढे काय घडणार तेही.

इतके असून, लोकोजाकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी एकदा पाहिले होते की मुक्काम आला तरी चाळीसपैकी एकही उतारू उठला नाही. बसमध्ये लावलेल्या चित्रपटातल्या सुनेला अजून न्याय मिळायचा होता. चालकाने गाडी बंद करून स्वतःही तो बघितला. मास्तरांपाशी याचे स्पष्टीकरण नव्हते. स्पष्टीकरण नसलेल्या गोष्टीबद्दल ते बोलत नसत, इतकेच.

दिग्दर्शक अल्हाजी मुतैरू दुपारच्या नमाजानंतर आले, टोपी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि दृश्य एकदाच पाहिले.

"बाईनं नाव चुकीचं घेतलंय," ते म्हणाले. "पोरगा कुन्ले. ही आलामू-आलामू करतेय. त्या दिवशी रडण्याच्या भरात माझ्याही ध्यानात आलं नाही."

लागोसच्या विक्रेत्याला तबकड्या येत्या शुक्रवारी हव्या होत्या. चित्रपटाचे नाव त्याने तीनदा बदलले होते आणि पोस्टर दुसऱ्या नावाने छापून झाले होते. नव्याने चित्रण करण्याचा प्रश्नच नव्हता. अल्हाजींनी फोलाकेला सांगितले की या जागी गाणे टाकायचे, बाईचा आवाज पूर्ण बंद करायचा.

मास्तरांनी हेडफोन काढले. त्यांनी शांतपणे सांगितले की अकरा वर्षांत हे एवढेच मुद्रण निर्दोष झालेले आहे आणि त्यावर गाणे टाकायला त्यांची हरकत आहे.

"मास्तर, अख्ख्या सिनेमात जनरेटर आहे. इथंच नाही. लोक म्हणतील टीव्ही बिघडला."

"उठून दोन थापटाही मारतील टीव्हीला," फोलाके शेंग तोंडात टाकत म्हणाली.

अल्हाजी हसले, पण त्यांना घाईही होती. अखेर असे ठरले की मास्तरांनी बाईंकडे जाऊन 'कुन्ले' हे नाव त्यांच्या आवाजात घेऊन यावे. 'आलामू'च्या जागी ते बसवता आले तर दृश्य तसेच राहील. उद्या दुपारपर्यंत जमले नाही तर गाणे.

मास्तरांनी यंत्र पिशवीत घातले, परंतु ते आधी बाईंकडे गेले नाहीत. त्या दृश्याच्या कागदावर, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांनी प्रश्नचिन्ह केले होते, आणि ते प्रश्नचिन्ह त्यांना सहन होत नव्हते.

शक्यता त्यांनी रात्रीच तपासून पाहिल्या होत्या. यंत्राचा दोष नव्हता, कारण श्वास आणि घड्याळ दोन्ही उमटले होते. युनिटचा जनरेटर नव्हता, कारण तो त्या दिवशी आणलाच नव्हता. अंगणातला प्रसंग, ऊन फुकट. सर्वांत सोपे कारण म्हणजे वीज आली असावी. पण वीज आली की गल्लीतली मुले एकसुरात ओरडतात, आणि मुद्रणात तसे ओरडणे नव्हते. उलट नीट ऐकल्यावर तीन वेगळी यंत्रे ओळखता येत होती. आधी खालच्या सुरातले, डिझेलवर धडधडणारे यंत्र थांबले. चार सेकंदांनी एक किरट्या आवाजाचा छोटा जनरेटर, ज्याला सगळा देश 'शेजाऱ्यापेक्षा बरा' म्हणतो, तो थांबला. आणखी पाच सेकंदांनी तिसरा. तिघांचे इंधन नऊ सेकंदांच्या आत संपण्याचा संभव त्यांनी मनाशी काढून पाहिला आणि सोडून दिला.

डिझेलचे यंत्र गानियूच्या आईची मिरची दळायची गिरणी होती. ते त्यांना ठाऊक होते, कारण त्या शुक्रवारी सकाळी तिनेच त्यांना उडवून लावले होते.

ओके-आदोला पोहोचल्यावर मास्तरांनी आधी कामाबद्दल, मग उन्हाबद्दल, मग मुलाबाळांबद्दल रीतसर विचारपूस केली, कारण त्याशिवाय तिथे कोणी कोणाला उत्तर देत नाही. गानियूच्या आईचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"पुन्हा मशीन बंद करा म्हणायला आलात ना," ती म्हणाली. "तुमच्या सिनेमातल्या बाईचा पोरगा मेला म्हणून माझ्या गिऱ्हाइकांनी मिरची पाट्यावर वाटायची?"

मास्तरांनी सांगितले की बंद करायला सांगायला नव्हे, त्या दिवशी बंद का केली ते विचारायला आलो आहे.

तिने गिरणीच्या तोंडावर झाकण ठेवले.

"मला लाज वाटते सांगायला," ती म्हणाली. "सकाळपासनं ऐकत होते मी. भिंतीपलीकडनं ती कुन्ले, कुन्ले करत रडायची, मग कुणीतरी थांबवायचं, मग परत कुन्ले. चारदा झालं. मी गिऱ्हाइकाला म्हटलंसुद्धा, हा कुन्ले मरतोय तरी किती वेळा. मग पाचव्यांदा ती म्हणाली, आलामू."

"बरं."

"बरं काय, मास्तर? ते घरातलं नाव. पोर रुसलं की आई त्या नावानं हाक मारते, तेव्हा ते रडायचं थांबतं. आणि नुसतं नाव नाही घेतलं तिनं. त्याचं कूळ म्हटलं. 'इसेयिन गावच्या मागावरचा पांढरा धागा' म्हटलं, 'ज्याच्या आज्यानं सरदाराला कापड उधार दिलं नाही त्याचा नातू' म्हटलं. हे कागदावर लिहून देतं का कुणी? मला वाटलं, सिनेमा चालू असतानाच बाईला फोन आला. खरंच गेला कुणीतरी. मग मी मशीन चालू ठेवू?"

शनिवारच्या मेजवान्यांची सगळी मिरची शुक्रवारी दळली जाते. त्या दिवशी गिरणीवर अकरा भांडी रांगेत होती, आणि गिऱ्हाइकांपैकी एकीनेही तक्रार केली नाही.

समोरच्या न्हाव्याला काही ऐकू आले नव्हते. त्याने दिलेले कारण वेगळे होते. शुक्रवारी गानियूच्या आईची मशीन थांबली म्हणजे कोणीतरी गेलेच, तेव्हा त्याने अर्धे केस कापलेल्या डोक्यावर मशीन थांबवून जनरेटर बंद केला. बर्फातले मासे विकणारीने न्हावी बाहेर येऊन हात जोडून उभा राहिलेला पाहिला आणि आपलाही बंद केला. तिचा शीतपेटीतला माल उन्हात होता.

"मग टाळ्या वाजल्या," गानियूची आई म्हणाली. "तेव्हा कळलं, नाटकच होतं. तुमच्या लोकांनी आम्हा तिघांना चांगलंच गंडवलं. मी मशीन लावली." तिने झाकण पुन्हा उचलले, पण यंत्र सुरू केले नाही. "नाटकच होतं ना, मास्तर?"

मास्तर म्हणाले की ठाऊक नाही. हे उत्तर ते वर्गात देत असत, आणि विद्यार्थ्यांना त्याचे नवल वाटे.

पडद्यावरच्या बाईंचे, मोनिसोला आदेगोके यांचे, मोकोला भागात दुकान होते: बटणे, चेन, दोरे, अस्तर. त्यांनी त्रेसष्ट चित्रपटांत आईचे काम केले होते. त्यांपैकी एकोणीस मास्तरांनी मुद्रित केले होते. बाईंच्या रडण्याचा सूर कोणत्या क्षणी कुठवर चढतो आणि माइक किती लांब धरावा हे त्यांना पाठ होते. बाईंना मुले किती, हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

ते पोहोचले तेव्हा एक शिंपीण चेन घेत होती. तिने पैसे बाईंच्या हातात न देता फळीवर ठेवले आणि निघताना म्हणाली, "त्या सुनेनं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"मागच्या सिनेमात याच हातानं विष कालवलं ना," बाईंनी मास्तरांना समजावले. "तीन महिने झाले, हातात पैसे देत नाही. उधार मात्र मागते." त्यांनी मास्तरांसमोर पाणी ठेवले.

मास्तरांनी सगळे क्रमाने सांगितले: नाव, गाणे, अल्हाजींची मुदत. मग गल्लीत जे कळले तेही सांगितले. गिरणी, न्हावी, मासे. बाई दोऱ्याचे रीळ हातात घेऊन ऐकत होत्या. न्हावी हात जोडून उभा राहिला, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावले.

"अर्धं डोकं तसंच ठेवून?"

"हो."

बाईंनी रीळ फळीवर ठेवले. "इलोरिनला शिकत होता. अकरा वर्षं झाली. येत होता घरी, रस्त्यात गाडी उलटली. आमच्यात आईनं पोराच्या मातीला जायचं नसतं, तुम्हाला माहीतच आहे. माझ्या दिरांनी सगळं केलं. कुठं पुरलं ते सांगायचं नसतं, सांगितलं नाही. घरी आले, माझ्यासमोर बसले, म्हणाले, पाणी सांडलं, भोपळा तर फुटला नाही. तू आहेस, पोरी आहेत. मोठ्यानं रडू नकोस, उरलेल्यांना बाधतं. मी नाही रडले."

"आणि मग सिनेमात—"

"त्रेसष्ट पोरं रडून झाली माझी, मास्तर. कुणी विहिरीत पडलं, कुणाला सावत्र आईनं मारलं. सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या नावानं रडले, कधी चुकले नाही. त्या दिवशी तुम्ही हात वर करत होतात. एकदा, दोनदा, चारदा. आवाज आला, परत घ्या. पाचव्या वेळी माझ्याजवळ कुन्ले शिल्लकच नव्हता."

मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांच्या तर्कांच्या यादीत ते स्वतः कुठेच नव्हते.

बाईंनीच विषय संपवला. "काढा तुमचं यंत्र. काम आहे ते करू या. कुठल्या पट्टीत म्हणू?"

मास्तरांनी माइक धरला. बाईंनी डोळे मिटले आणि हाक मारली, "कुन्ले." सूर अगदी बरोबर होता. नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या दुकानात शिलाई मशीन सुरू झाले आणि शब्दाच्या उत्तरार्धावर त्याची खडखड चढली. मास्तरांना ती हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू आली. त्यांनी हात वर केला नाही.

"आलं?" बाईंनी विचारले.

"आलं."

त्यांनी तार गुंडाळली. बाई फळीवरचे पैसे उचलून पेटीत टाकत होत्या. पाठ फिरवलेलीच ठेवून त्यांनी विचारले, "आपला सिनेमा कुठं कुठं जातो हो?"

मास्तरांनी अचूक सांगायचा प्रयत्न केला. लागोस, कोटोनू, लंडनमधली आपल्या लोकांची दुकाने. बाजारातले टीव्ही. लांब पल्ल्याच्या बसगाड्या.

"इलोरिनच्या बसमध्येसुद्धा?"

"सगळ्या बसमध्ये. आवाजही कमी करत नाहीत."

बाईंनी मान हलवली. "कुठं ठेवलंय त्याला, ते मला ठाऊक नाही. पण त्या रस्त्याच्या कडेलाच कुठंतरी असणार." एवढे बोलून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला काळा दोरा दाखवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अल्हाजींनी 'कुन्ले' ऐकले आणि कपाळाला हात लावला. "शिलाई मशीन आलंय, मास्तर. मग परत घ्यायचं."

"घेतलं नाही."

"तुम्ही? तुम्ही परत घेतलं नाही?"

मास्तरांनी मग कारण सांगितले. त्यांनी ते प्रयोगाच्या निष्कर्षासारखे सांगितले, यंत्रे कोणत्या क्रमाने थांबली आणि मध्ये किती सेकंद गेले त्यासह, पण 'न्हावी' या शब्दापाशी त्यांना थोडे थांबावे लागले. फोलाकेने शेंगांची पुडी बंद केली. ते पुढे म्हणाले की उत्तम यंत्रे, बंद खोली आणि हवा तितका वेळ मिळाला असता तरी त्यांना ही शांतता मुद्रित करता आली नसती. ती यंत्राने होणारी गोष्ट नव्हती. तिथे भिंत पातळ होती, पलीकडे मिरची दळली जात होती आणि दृश्य चारदा बिघडले होते, म्हणून ती घडली. या चित्रपटांतले सगळे दोष त्यांनी अकरा वर्षे मोजले, आणि त्या दोषांतूनच हे आत आले.

अल्हाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझ्या सिनेमात भूत मनगटाला घड्याळ बांधतं," ते म्हणाले. "एका पोराला दोन नावं असली तर कुणाचं काय बिघडलं? गाणं नको टाकू, फोलाके."

"आणि टीव्ही बिघडला म्हणाले तर?"

"मारू देत थापटा."

चित्रपट शुक्रवारी लागोसला गेला, चौथ्याच नावाने.

त्या संध्याकाळी मास्तरांनी दृश्य अठ्ठावन्न, मुद्रण पाच, हा कागद बाहेर काढला. शेऱ्याच्या रकान्यातले प्रश्नचिन्ह खोडले. रकाना अरुंद होता, म्हणून अक्षर बारीक काढावे लागले. त्यांनी लिहिले:

'जनरेटर नाही. कारण: बाईंनी मुलाला घरच्या नावाने हाक मारली. शेजाऱ्यांना मृत्यू खरा वाटला व त्यांनी यंत्रे बंद केली. मृत्यू खरा होता.'